प्रस्तावाची मोफत मदत: लिहून देत नाहीत, लिहायला लावतात

पाटोदा तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. दिवाळी झाली की गावातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघतात. ज्या घरी आजी-आजोबाही मागे राहत नाहीत, तिथली ४० मुलं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आमच्याकडे राहतात, जेवतात आणि गावच्याच शाळेत जातात. मी संस्थेची सचिव, हिशेबनीस आणि वेळ पडली तर भाकरी थापणारीसुद्धा. निधीसाठी कंपन्यांना पाठवायचे प्रस्ताव लिहिणं मात्र वेगळंच काम आहे.

पुण्यातली काही निवृत्त मंडळी त्यात विनामूल्य मदत करतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक सीए आणि कंपनीचा सीएसआर विभाग, म्हणजे कायद्यानं सामाजिक कामावर करायचा खर्च, सांभाळलेल्या एक मॅडम. ओळखीच्या संस्थेनं शब्द टाकल्याशिवाय ते नवीन कुणाला घेत नाहीत आणि त्यांना जाहिरातही नको आहे, म्हणून नाव देत नाही. काम कसं करतात ते मात्र सांगण्यासारखं आहे.

आधी आम्ही एका सल्लागाराकडून प्रस्ताव करून घेतला होता. काही रक्कम आगाऊ, वर मंजूर पैशातले दहा टक्के. स्पायरल बायंडिंग, मुखपृष्ठावर हसरी मुलं, सगळं झकास. आत मात्र ‘किनारपट्टीवरील मच्छीमार कुटुंबे’. बीड जिल्ह्याला समुद्र कधी लागला कोण जाणे!

काकांनी तोच प्रस्ताव समोर घेतला आणि ‘शिक्षण ही काळाची गरज आहे’ हे पहिलंच वाक्य खोडलं. म्हणाले, “ताई, हे कंपनीवाल्यांना पाठ आहे. तुमच्या गावातून किती कोयते जातात, हे त्यांना ठाऊक नाही. ते लिहा.” मग प्रश्नांची फैरच सुरू झाली. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कधी येते? किती मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडावर जातात? हंगाम संपल्यावर तुमच्याकडची किती मुलं वार्षिक परीक्षेला बसतात, आणि त्याचा हजेरीपट आहे का? हे सगळं मला तोंडपाठ होतं. कागदावर आणायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमचा प्रश्न जरा झोंबला. “सरकारचीही हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मग तुमचं कशाला?” रागानं मी जे बोलले तेच त्यांनी मला लिहायला लावलं: आमच्याकडे मुलं रात्रीही राहतात, मुलींच्या खोलीत रोज एक बाई झोपायला असते, आणि ज्याच्या घरी मागे कुणीच नाही त्याचा नंबर आधी लागतो. आमच्या प्रस्तावातलं हेच पान सगळ्यात चांगलं उतरलंय, असं माझं मत आहे.

अंदाजपत्रकावर त्यांनी सर्वात जास्त वेळ घालवला, आणि तिथेच त्यांचा खरा उपयोग झाला. सल्लागारानं ‘भोजन: ३,००,०००’ अशी एक गोल रक्कम टाकली होती. सीएंनी ती फोडायला लावली. ४० मुलं, १५० दिवस, माणशी रोज ६० रुपये, झाले ३,६०,०००. वरचे साठ हजार कोण देणार होतं? किराणा दुकानदार, उधारीवर. पुढे स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आला. “पाच टक्क्यांच्या वर प्रशासकीय खर्च चालत नाही” असं आम्हाला जो तो सांगत आलेला, म्हणून तो पगार आम्ही कुठेच दाखवत नव्हतो. सीएंनी नियम उघडून दाखवला: ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. वसतिगृहातली स्वयंपाकीण हा सरळ कार्यक्रमाचा खर्च. एवढं एक कळलं तरी पुण्याचं एसटीभाडं वसूल.

कागदांच्या बाबतीत मंडळी कडक आहेत. १२एबी आणि ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, सरकारच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट, हे तर हवंच. शिवाय धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, म्हणजे परिशिष्ट १ वर, आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का, ते बघतात. विश्वस्त बदलला असेल तर बदल अर्ज दाखल केल्याची पोच मागतात. हे सगळं असल्याशिवाय पुढची तारीखच देत नाहीत. मला आधी हा जाच वाटला, पण कंपनीही नेमकं हेच मागते.

कंपन्यांची यादी मात्र ते देत नाहीत, ओळखही करून देत नाहीत. कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून सीएसआरचा तक्ता वाचायला शिकवतात: कुठल्या जिल्ह्यात, कशासाठी, किती रुपये आणि कुठल्या संस्थेमार्फत, जेवढं दिलेलं असेल तेवढं. कायद्यानं कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायचं असतं. त्यामुळे ज्यांचा मराठवाड्यात कारखाना नाही आणि ज्यांनी इकडे कधी रुपया दिलेला नाही, त्यांची नावं आम्ही आमच्या हातानं कापली. आमची यादी अर्ध्याहून कमी उरली. वाईट वाटलं, पण टपालखर्च वाचला.

तक्रारीही आहेत. सगळे नमुने इंग्रजीत आणि एक्सेलमध्ये. आमचा कार्यकर्ता सगळं मोबाइलवर करतो, त्याला त्या रकाने-ओळी बघूनच घाम फुटला. मराठी नमुना करायला काय हरकत आहे? दुसरं म्हणजे, मधेच आमचं काम काकांकडून दुसऱ्या सरांकडे गेलं आणि कोयता म्हणजे काय, इथपासून पुन्हा सांगावं लागलं. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर चार-चार दिवसांनी उत्तर येतं. फुकटच्या कामात चालायचंच म्हणा, पण शेवटची तारीख उद्यावर आलेली असताना जीव टांगणीला लागतो.

पैसे मिळाले का? एका कंपनीनं फक्त जेवणाचा खर्च उचलला, तोही त्या फोडलेल्या आकड्यानुसार पूर्ण. दुसरीनं नकार कळवला. मंडळींनी ते नकाराचं पत्रही मागून घेतलं, संस्थेचं नाव झाकून इतरांना दाखवायला.

ज्यांना तयार प्रस्ताव हातात हवा आहे त्यांनी तिकडे जाऊ नये, चिडून परत याल. संस्थेच्या कामाला तीन वर्षं झाली नसतील तरी थांबा, बाहेरच्या संस्थेला सीएसआरचा पैसा देताना तेवढा अनुभव नियमातच मागितला आहे. आणि जायचं तर हंगाम संपल्या संपल्या, एप्रिलात जा. कंपन्यांचं नवं आर्थिक वर्ष तेव्हाच सुरू होतं. दिवाळीच्या तोंडावर गेलात तर आधी पुढच्या वर्षाचं बोलतील.