वाड्याच्या माडीत उजेड: साणं, उंच खिडक्या, चौकाची बाजू की सरळ स्लॅब?

माळवदाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छताच्या, वाड्यातली वरची माडी आजवर कणग्या, पितळी भांडी आणि मोडका पाळणा यांच्यासाठीच होती. आता तिथे अभ्यासाची किंवा घरून काम करायची खोली हवी म्हटलं की तिघांकडून तीन सल्ले येतात. घरातले थोरले म्हणतात, साणं, म्हणजे छतातलं भोक, मोठं करा. इंटिरियरवाला म्हणतो, वर मोठी काच टाकू. गवंडी म्हणतो, माळवद काढा आणि स्लॅब ठोका. तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण लातूर-धाराशिवच्या उन्हात आणि औसा-अंबाजोगाईच्या दगडमातीच्या भिंतींत तिघांचे परिणाम फार वेगळे होतात.

आधी उंची मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट सांगितली आहे. माडी बहुतेक वेळा त्याहून बुटकी असते, तुळईला डोकं लागतं. उंची सात फुटांच्या आत असेल तर ती झोपायची किंवा बसून काम करायची जागा ठेवा, दिवाणखान्याचं स्वप्न सोडा. मग तुळयांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. वाळवी आणि ओल तिथूनच सुरू होते. टोक भुसभुशीत निघालं तर उजेडाचा विचार नंतर.

आता साणं. माळवदातलं हे भोक धूर जायला आणि थोडा उजेड यायला ठेवलेलं असतं. ते दोन कड्यांच्या, म्हणजे तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडांच्या, मध्ये बसवलेलं असल्यामुळे छताला धक्का लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. खर्च कमी, गावातल्या गवंड्याला जमणारं काम. पण दीड फूट जाडीच्या मातीतून सरळ उतरणाऱ्या भोकातून भाकरीएवढं ऊन खाली पडतं. ते सकाळपासून जमिनीवर सरकत राहतं आणि कोपरे काळेच राहतात. भोक मोठं करण्यापेक्षा त्याच्या बाजू खाली पसरट करून चुन्याने पांढऱ्या केल्या की उजेड खोलीभर पसरतो. बारा बाय पंधराच्या खोलीला दोन बाय दोनचं एक साणं वरवरची कामं करण्याइतकं पुरतं, वाचायला नाही. त्याहून मोठं करायचं तर कडी कापावी लागते, आणि तिचा भार आडवं लाकूड घालून शेजारच्या कड्यांवर द्यावा लागतो. तिथे इंजिनिअर हवाच.

काचेबाबत दोन गोष्टी. डोक्यावरची काच लॅमिनेटेड हवी, फुटली तरी तुकडे तिच्या मधल्या प्लॅस्टिकच्या पातळ थराला चिकटून राहतात. नुसती टफन्ड काच फुटली की चुरा अंगावर येतो. आणि काचेभोवतीचा कठडा मातीच्या वर निदान नऊ इंच उचलून घ्या. माळवदावर पावसाळ्याआधी नवी पांढरी माती पडत राहते, बुटका कठडा काही वर्षांत गाडला जातो आणि पाणी थेट खोलीत उतरतं. पॉलिकार्बोनेट पत्रा स्वस्त पडतो, पण उन्हाने पिवळा पडतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना पुढचं सांगायला नको. वानरांचा उपद्रव असेल तर वर जाळीही लागेल.

इंटिरियरवाल्याच्या मोठ्या काचेला माझा विरोध आहे, आणि तो हिशेबाने. मराठवाड्यात मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा. तीन बाय तीनच्या साध्या आडव्या काचेतून तेव्हा सहाशे वॉटच्या आसपास उष्णता खोलीत येते. माळवदाची माती ज्या उन्हापासून वाचवते तेच ऊन आपण पैसे देऊन आत घ्यायचं, आणि मग एसी लावायचा.

वरूनच उजेड हवा असेल तर काच उभी करा. एका खणापुरतं, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागापुरतं, माळवद काढून तेवढा भाग दोन-अडीच फूट उचलायचा, वर उष्णतारोधक थर दिलेलं हलकं छप्पर टाकायचं आणि उत्तरेच्या बाजूला खिडक्या बसवायच्या. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकतो, पण इतका उंच असतो की फूटभर छज्जा त्याला अडवतो. उजेड दिवसभर सारखा राहतो, लॅपटॉपवर चकाकी येत नाही. खिडक्या उघडणाऱ्या ठेवल्या तर गरम हवाही वरून निघून जाते. खर्च साण्याच्या कितीतरी पट आणि सांधे नीट झाले नाहीत तर गळती ठरलेली. पण एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: त्या खणावरची माती उतरते.

ते वजन किरकोळ नाही. फूटभर जाडीची माती चौरस फुटाला 45 ते 50 किलो भरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हेच जड छत आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या. आत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा होता तिथे कित्येकदा तो उभा राहिला आणि भिंती गेल्या. म्हणून बाहेरची दोन-अडीच फुटी भिंत फोडून खिडकी काढायचा मोह आवरा. तिचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये नुसती चिपा-माती. दोन्ही थर जोडणारे आरपार बांधदगड आणि वर नीट टेकू न देता फोडलेली खिडकी म्हणजे भिंतीला दिलेली भेग.

चौकाकडची बाजू मात्र वेगळी. तिथे भार बहुधा खांबांवर असतो, मधली कच्च्या विटांची भिंत नुसती भरलेली. ती काढून खांबांमध्ये खिडक्या बसवता येतात. कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या एक दशांश असावं असं संहिता सांगते. बारा बाय पंधराला अठरा चौरस फूट, म्हणजे चौकाकडे तीन बाय तीनच्या दोन खिडक्या. चौकाची जमीन फिकी असेल तर तिच्यावरून उसळलेला उजेड थेट कडीपाटाला, म्हणजे छताच्या खालच्या लाकडी बाजूला, लागतो. माझी पहिली पसंती हीच. खोली फार खोल असेल तर मागच्या अर्ध्यात एक साणं जोडा.

स्लॅब? पाच इंची स्लॅब चौरस फुटाला तीसेक किलोच भरतो, गवंड्याचं ते म्हणणं खरं. पण तो मातीच्या भिंतींवर टेकवता येत नाही, स्वतंत्र कॉलम लागतात, मेमध्ये रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, आणि उजेड तर देतच नाही. खिडक्या काढाव्या लागतातच. लाकूड पूर्ण गेलं असेल तरच त्याचा विचार करा.

काहीही ठरवलं तरी माळवद उघडायचं काम दिवाळीनंतर काढा. ताडपत्री हाताशी ठेवा, अवकाळी सांगून येत नाही. आणि वरची नवी माती मृगाच्या आत चोपून, पन्हाळीकडे उतार देऊन बसलेली हवी.