प्लाउच्या आधी की नंतर? बर्फातल्या चार हॅचबॅक

"बर्फ आहे ना इथे, सरळ एसयूव्ही घेऊन टाक." ऑटाव्यात आलो तेव्हा पहिल्या महिन्याभरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी शेवटी नुसती मान डोलवायचो. एसयूव्ही घेतली नाही. आम्ही दोघं, दोन मुलं, तेव्हाच्या इमारतीच्या तळघरात पार्किंगची चिंचोळी जागा आणि हातात मोजके डॉलर. हॅचबॅकमध्ये भागेल असं वाटलं होतं आणि भागलंही. आता पुण्या-नाशिकहून नवीन आलेली मंडळी दर ऑक्टोबरात फोन करून तेच विचारतात: कुठली घेऊ? दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आमच्याकडे बहुतेकांची यादी चार नावांवर येऊन थांबते: सुबारू इम्प्रेझा, माझदा ३ स्पोर्ट, होंडा सिव्हिक हॅचबॅक आणि टोयोटा कोरोला हॅचबॅक. चारही भरवशाच्या, चारहींचे सुटे भाग गावोगाव मिळतात. मग निवड कशावरून करायची? माझं मत असं की गाडीकडे बघण्याआधी स्वतःच्या गल्लीकडे बघा. रात्रभर बर्फ पडल्यावर सकाळी तुम्ही प्लाउ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी, येऊन गेल्यानंतर घराबाहेर पडता की आधी? सगळं गणित यावर फिरतं.

पण त्याही आधी टायर.

पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे एक जुनी सेदान होती, तिला ऑल-सीझन टायर होते. नाव ऑल-सीझन, म्हणजे सगळे ऋतू, असा माझा भाबडा समज. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी उतारावरून स्टॉपच्या पाटीकडे जाताना ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेची, घरघर सुरू झाली, गाडी मात्र ताशी पंधराच्या संथ वेगाने, अगदी शिस्तीत, पाटी ओलांडून चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आडव्या रस्त्याला कुणी नव्हतं म्हणून निभावलं. बायको काही बोलली नाही. मागून मुलीने विचारलं, "बाबा, आपण थांबलो का नाही?"

कारण साधं आहे. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेलं की ऑल-सीझन टायरचं रबर कडक व्हायला लागतं. विंटर टायरचं रबर उणे पंचविसातही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण बघून घ्या. नुसती 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) अक्षरं असली तर त्यावर जाऊ नका. नदीपलीकडे गातिनोत, म्हणजे क्वेबेकमध्ये, नोंदणी झालेल्या गाड्यांना १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. आमच्या ऑन्टारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून विमा कंपन्यांना विंटर टायरवर सूट द्यावी लागते. ती मागून घ्या, आपण होऊन कुणी देत नाही.

आणि ऑल-व्हील ड्राइव्हबद्दलचा मोठा गैरसमज इथेच मोडून काढतो. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून *निघते* छान. थांबताना त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात. विंटर टायर लावलेली साधी फ्रंट-व्हील कोरोला आणि ऑल-सीझनवरची ऑल-व्हील गाडी एकाच घसरड्या उतारावर सोडली, तर मी डोळे मिटून कोरोलात बसेन.

आता चौघी शेजारी-शेजारी. आकडे सध्याच्या पिढीच्या गाड्यांचे, थोडे ढोबळ करून:

| | इम्प्रेझा | माझदा ३ स्पोर्ट | सिव्हिक | कोरोला |
|---|---|---|---|---|
| जोर कुठे | चारही चाकं, कायम | पुढची. चारचा पर्याय | पुढची | पुढची |
| मागे पाय ठेवायला जागा | ९३ सेंमी | ८९ सेंमी | ९५ सेंमी | ७६ सेंमी |
| डिकी | ५७८ लिटर | ५६९ लिटर | ६९४ लिटर | ५०४ लिटर |
| १०० किमीला पेट्रोल, कागदावर | ८ लिटर | ८ ते ८.५ (ऑल-व्हील) | ७. हायब्रिड ५ | ६.७ ते ७ |

आपल्या भाषेत सांगायचं तर इम्प्रेझा लिटरला साडेबारा किलोमीटर देते, कोरोला पंधराच्या आत-बाहेर आणि सिव्हिक हायब्रिड वीस. कडाक्याच्या थंडीत, त्यातही छोट्या फेऱ्या असल्या, तर सगळ्यांचेच आकडे घसरतात. इंजिन गरम होईपर्यंत तुम्ही ऑफिसला पोचलेले असता.

तक्त्यात एक रकाना मुद्दाम टाकला नाही: गाडीची जमिनीपासूनची उंची. चारही गाड्या १३० ते १४० मिलीमीटरच्या घरात आहेत. आपल्याकडची स्विफ्ट १६३ मिलीमीटर आहे, म्हणजे बर्फाच्या देशातल्या या गाड्या आपल्या खड्ड्यांच्या देशातल्या स्विफ्टपेक्षा बुटक्या! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं. पण पंधरा-वीस सेंटिमीटर बर्फ साचलेल्या गल्लीत हसू येत नाही. चाकं कितीही फिरोत, पोट बर्फावर टेकलं की गाडी अडकली. म्हणजे ऑल-व्हीललाही मर्यादा आहे आणि ती आहे इम्प्रेझाच्या पोटाची. त्याच सांगाड्यावरची सुबारूचीच उंच गाडी, क्रॉसट्रेक, २२० मिलीमीटर आहे. ज्यांचं घर शहराबाहेर कच्च्या रस्त्यावर आहे त्यांनी हा लेख इथेच सोडून क्रॉसट्रेक बघायला जावं.

इम्प्रेझा. कॅनडात ही बेस ट्रिमपासूनच, म्हणजे सगळ्यात साध्या प्रकारापासूनच, ऑल-व्हील मिळते, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. सध्याची पिढी २०२४ची आणि इथे ती फक्त हॅचबॅक म्हणूनच येते. इंजिन आडवं झोपलेलं, बॉक्सर पद्धतीचं, त्यामुळे वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी डोलत नाही. दोन लिटरचं १५२ अश्वशक्तीचं इंजिन आणि सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ही जोडी मात्र रडकी आहे. हायवे ४१७ वर चढताना पाय खाली दाबला की आवाज आधी येतो, वेग मागून. परवडत असेल तर आरएस ही वरची ट्रिम घ्या, तिला अडीच लिटरचं १८२ अश्वशक्तीचं इंजिन आहे.

इम्प्रेझा खरी कळते ती सकाळी. प्लाउ गल्लीतून जाताना प्रत्येक ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरापुढे गाडी लावायच्या वाटेच्या, तोंडाशी बर्फाचा बांध लोटून जातो. शेताच्या बांधासारखाच, फक्त हा रात्रीतून उगवतो आणि दगडासारखा घट्ट होतो. फावड्याने अर्धा-मुर्धा फोडला की इम्प्रेझा उरलेल्यावरून हळूच, कुरकुर न करता बाहेर पडते. फ्रंट-व्हील गाडीसाठी पूर्ण फोडावा लागतो. फरक दहा-पंधरा मिनिटांचा आहे, पण उणे वीसमध्ये पहाटे सहाला ती पंधरा मिनिटं फार लांब असतात.

तिचा एक छुपा खर्च लक्षात ठेवा. चारही टायर जवळपास सारखेच झिजलेले असावे लागतात, नाहीतर ऑल-व्हीलच्या यंत्रणेवर ताण येतो. मार्चमध्ये बर्फ वितळून खड्डे उघडे पडतात. त्यात एक टायर फाटला आणि बाकीचे बरेच झिजलेले असले, तर एकाऐवजी चार घ्यायची वेळ येते.

माझदा ३ स्पोर्ट. चौघींत चालवायला सगळ्यात गोड. २०१९च्या मॉडेलपासून ऑल-व्हीलचा पर्याय आहे आणि गिअरबॉक्स सीव्हीटी नाही, सहा गिअरचा नेहमीचा ऑटोमॅटिक. एरवी जोर पुढच्या चाकांवर असतो, घसरण्याची चाहूल लागली की मागे जातो. आतलं काम बघाल तर वरच्या वर्गातली गाडी वाटते. पण मागचा खांब एवढा जाड की रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याशिवाय काही दिसत नाही, आणि इथल्या खारट राडारोड्याने कॅमेरा दर दोन दिवसांनी आंधळा होतो. मागची काच लहान, मुलं मागे बसली की "अंधार आहे" म्हणतात. दोघंच असाल, किंवा मुलं कॉलेजला गेली असतील, तर माझं मत माझदाला. लहान मुलं असतील तर नाही. वरच्या ट्रिमला १८ इंची चाकं येतात. हिवाळ्यासाठी १६ इंचीच बसवा: टायर स्वस्त पडतात, कडा जाड असल्याने खड्डे सोसतात.

कोरोला हॅचबॅक. हिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण हा कुटुंबासाठीचा लेख आहे, म्हणून रेटतो. डीलरकडे जाताना आम्ही धाकट्याची मागे तोंड करून बसवायची कार-सीट सोबत नेली होती. मागे ती बसवली आणि पुढची सीट जिथे सरकवावी लागली तिथे बायको बसली, तर तिचे गुडघे थेट ग्लोव्हबॉक्सला टेकले. विक्रेता बिचारा म्हणाला, "मूल लवकर मोठं होतं." तक्त्यातल्या ७६ सेंटिमीटरचा अर्थ हा. शिवाय इथे जाड स्नोसूट घालून मुलाला पट्टा लावायचा नसतो, कारण पट्टा सैल राहतो. म्हणजे सूट काढून मागे टाकायचे, त्यात बूट, बर्फावरची घसरगाडी आणि काच पुसायचा लांब ब्रश. डिकी भरली. एक मूल, तेही पाच-सहा वर्षांपुढचं, असेल तर मात्र कोरोला विंटर टायर लावून डोळे झाकून घ्या.

सिव्हिक हॅचबॅक. जागेत हिचा हात कुणी धरत नाही. मागे उंच माणूस आरामात बसतो आणि डिकीत मुलाची बाबागाडी न दुमडता जवळजवळ मावते. २०२५पासून हायब्रिड आली: २०० अश्वशक्ती आणि पेट्रोल कोरोलापेक्षाही कमी. ऑल-व्हील नाही. पण इंजिनाचं वजन जोराच्या चाकांवर आणि पायात चांगले टायर एवढ्यावर ही प्लाउ फिरलेल्या शहरात अख्खा हिवाळा कुठेही अडत नाही. चढावर निघताना अॅक्सिलरेटर हलका द्यायचा, एवढी सवय लावून घ्यावी लागते.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. २०११पर्यंतच्या अडीच लिटर इम्प्रेझांची हेड गॅस्केटची (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलची) दुखणी प्रसिद्ध आहेत. २०१२पासून इंजिन बदललं, तिथून पुढचीच बघा. साधारण २०१६ ते २०१८च्या दीड लिटर टर्बो सिव्हिकमध्ये कडक थंडी आणि छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळायच्या तक्रारी होत्या. होंडाने त्यावर दुरुस्ती दिली, वॉरंटीही वाढवली. ते काम झालंय का, याची पावती मागा. कुठलीही गाडी असो, लिफ्टवर चढवून खालून बघा. इथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं. दरवर्षी तेलाचा फवारा मारून घेतलेली गाडी खालून काळी, चिकट, घाणेरडी दिसते. तीच घ्या. सोबत विंटर टायर देतोय म्हणून विक्रेता भाव चढवत असेल तर नक्षीची खोली मोजा. ४ मिलीमीटरच्या खाली उतरलेला विंटर टायर बर्फात गोट्यासारखाच.

तर कुणी काय घ्यावं? ऑटाव्याच्या बॅरहेवन किंवा ऑर्लिअन्ससारख्या उपनगरातल्या सपाट वसाहतीत राहता, कामाला नऊला निघता, वादळाच्या दिवशी घरून काम चालतं: सिव्हिक, जमलं तर हायब्रिड. ऑल-व्हीलचे पैसे वाचले ते टायरमध्ये घाला. मला चार टायर, साध्या लोखंडी रिम आणि बसवणावळ मिळून बाराशे डॉलर पडले होते. तेच ऋतूप्रमाणे आलटून पालटून लावले की दोन्ही जोड दुप्पट टिकतात, त्यामुळे वाटतो तेवढा हा खर्च नाही. घर चढावर असेल, ड्यूटी पहाटेची असेल, किंवा प्लाउ सगळ्यात शेवटी येणाऱ्या गल्लीत राहत असाल, तर इम्प्रेझा. पेट्रोलचा जास्तीचा खर्च मुकाट्याने सोसा.

आमच्या घरात हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर मी आज सिव्हिक हायब्रिड घेईन. पण बायको रुग्णालयात कामाला आहे, तिची पाळी सकाळी सातला सुरू होते आणि आमच्या गल्लीत प्लाउ उगवतो नवाच्या पुढे. त्यामुळे ड्राइव्हवेमध्ये इम्प्रेझा उभी आहे आणि तिची किल्ली माझ्याकडे नसते.