ई-ग्रामस्वराज: गावाचा जमाखर्च पाहण्याची सोय

केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेले ‘ई-ग्रामस्वराज’ हे संकेतस्थळ आणि त्याचे मोबाइल ॲप मी नियमितपणे वापरतो, आणि आपल्या गावाच्या कारभारात ज्याला रस आहे त्याने ते अवश्य वापरावे असे माझे मत आहे. राज्य, जिल्हा, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत या क्रमाने निवड करून आर्थिक वर्ष ठरवले, की लोकप्रतिनिधींची नावे, मंजूर आराखड्यातील कामे आणि खर्चाचा तपशील समोर येतो; त्यासाठी कोणाकडे अर्ज करावा लागत नाही.

नवख्या माणसाची अडचण होते ती नाव शोधताना. महसुली गाव आणि ग्रामपंचायत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गट ग्रामपंचायतीत तर अनेक गावे व वाड्या एकाच नावाखाली येतात, त्यामुळे आपली वाडी कोणत्या ग्रामपंचायतीत मोडते हे आधी माहीत असावे लागते. यात या सेवेचा दोष नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनेच ‘गाव’ म्हणजे राज्यपालांनी अधिसूचनेद्वारे निर्दिष्ट केलेले गाव किंवा गावांचा समूह, अशी व्याख्या केली आहे.

याच कारणाने दोन राज्यांतील ग्रामपंचायतींचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत. केरळमध्ये अवघ्या ९४१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतील एकेकीची लोकसंख्या हजारोंच्या घरात असते, तर महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे अठ्ठावीस हजार आहे. नागालँड, मेघालय आणि मिझोराम यांना तर घटनेच्या अनुच्छेद २४३-एम (243M) नुसार ही पंचायत व्यवस्थाच लागू नाही. नागालँडमध्ये गावाचा कारभार ग्राम परिषद पाहते.

माझ्या दृष्टीने या सेवेचे खरे मोल निधीच्या तपशिलात आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील अनुदानापैकी ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखीव होता, आणि उरलेला ४० टक्के अबंधित. हा फरक ठाऊक असला की ‘निधीच नाही’ या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारता येतो. एका ग्रामपंचायतीच्या नोंदीत गटाराचे काम पूर्ण झाल्याचे मला दिसले, प्रत्यक्षात मात्र ते अर्धवट होते. नोंदीची छापील प्रत घेऊन आम्ही ग्रामसभेत विषय मांडला, तेव्हा तो इतिवृत्तात घ्यावाच लागला.

अर्थात तेथे दिसते ते ग्रामपंचायतीने भरलेलेच, त्यामुळे नोंद आणि जागेवरचे काम दोन्ही तपासावे. पुढील वर्षाचा आराखडा ठरवण्याची लोकयोजना मोहीम साधारणपणे २ ऑक्टोबरपासून सुरू होते. मागील वर्षाच्या कामांची यादी त्याआधीच काढून ठेवणे सोयीचे पडते.