प्रोमिथिअस (१९७४): छोटा कार्टूनपट, पण मोठी भांडणं

पोरांना नेहमीपेक्षा वेगळं काही दाखवायचं असेल तर सोयुझमल्टफिल्म स्टुडिओचा हा जुना सोव्हिएत कार्टूनपट बघा, वीसेक मिनिटांचा आहे, सगळा हाताने काढलेला, आणि दिग्दर्शिका अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्काया, म्हणजे जिने १९६५ मध्ये रिक्की-टिक्की-टावी करताना लेखक किपलिंगच्या मूळ मुंगसाच्या गोष्टीतलं इंग्रज कुटुंब काढून चक्क भारतीय कुटुंब टाकलं तीच. बाई मूळ गोष्टीला दबून राहणाऱ्यातल्या नव्हत्याच.

गोष्ट ग्रीक. देवांचा राजा झ्यूस माणसांची आग काढून घेतो आणि प्रोमिथिअस नावाचा टायटन (टायटन म्हणजे झ्यूसच्या आधीचे जुने देव) ती परत आणून देतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की त्याने माणसाला आग पहिल्यांदाच दिली, पण ग्रीक कवी हेसिअडच्या जुन्या काव्यातही आग माणसांकडे आधीपासून होतीच, बळी दिलेल्या जनावराच्या वाटणीत प्रोमिथिअसच्या युक्तीमुळे चरबीखाली झाकलेली हाडं झ्यूसच्या वाट्याला आली आणि तो राग त्याने माणसांच्या चुलीवर काढला. मग प्रोमिथिअस चोर कसला, त्याने तर हक्काचं सोडवून आणलं! मला ही बाजू फार आवडली.

भाचीचा प्रश्न वेगळाच, "मावशी, आग नेताना हात नाही भाजला त्याचा?" तर कथेत तो निखारा एका झाडाच्या पोकळ दांड्यात लपवून आणतो, आतला गर हळूहळू धुमसत राहतो म्हणून विझत नाही, भूमध्य समुद्राकडे लोक खरंच असा विस्तव न्यायचे. आणि ते झाड आपल्या हिंगाचं भाऊबंद, दोन्ही फेरुला नावाच्या एकाच वनस्पती-कुळीतले. हे सांगितल्यावर मॅडम हिंगाची डबी उघडून नाक वाकडं करून आल्या.

आता तक्रारी. टायटन लोकांच्या लढाईपासून हर्क्युलिसपर्यंत सगळं एवढ्याशा वेळात कोंबलंय, शेवट तर नुसता पळवलाय, शिक्षा म्हणून प्रोमिथिअसला कॉकेशस पर्वताच्या कड्यावर जखडून ठेवल्याचा काळ किती लांब होता ते जाणवतच नाही. गरुड त्याचं काळीज खातो तो भाग असल्याने अगदी लहान पोरांना नको, सात-आठच्या पुढे ठीक. भाषा रशियन आहे, सबटायटल पोरांना वाचून होत नाहीत, मी पॉज करून करून मराठीत सांगत बसले, त्यात निम्मी मजा जाते पण भांडणं छान होतात, झ्यूस बरोबर की प्रोमिथिअस म्हणून.

मला मिळालेली प्रिंट फिकी होती, तरी पाचपैकी चार. आवडला तर याच बाईंचा १९७३ चा पर्सिअस लावा.