कुत्र्याची घरघर: एक्स-रे काढायचा की दुर्बिणीने बघायचं?

पग घोरतो म्हणून सहसा कोणी दवाखान्यात येत नाही. दोन जिने चढल्यावर त्याची जीभ निळसर पडली, की मग धावत येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, एक एक्स-रे काढून घेऊ या का?" माझं उत्तर कुत्र्याच्या जातीवर आणि आवाज कुठून येतोय यावर ठरतं.

एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते, म्हणून मानेच्या बाजूने घेतलेल्या प्लेटवर श्वासनळी काळ्या पट्टीसारखी उठून दिसते. मान छातीला मिळते तिथल्या छातीच्या उंचीशी तिची रुंदी ताडून बघतात. लांब नाकाच्या कुत्र्यात हे प्रमाण सुमारे ०.२०, पगसारख्या बसक्या नाकाच्या जातींत ०.१६ आणि बुलडॉगमध्ये ०.१३ च्या आसपास असतं. जन्मतःच नळी अरुंद आहे का, हे त्यातून कळतं. घशात हाड किंवा सुई अडकली असेल तर तीही दिसते, लाकडाची काडी मात्र बहुधा निसटते. मऊ टाळू, म्हणजे तोंडाच्या छताचा घशाकडचा मऊ भाग, जाड आहे याचा अंदाज येतो. पण कुत्र्याने नेमका तेव्हा घोट गिळला किंवा मान वाकडी राहिली, की चित्र बदलतं. चिमटलेल्या नाकपुड्यांसाठी तर प्लेट लागतच नाही, त्या समोरूनच दिसतात.

दुर्बिणीने, म्हणजे तोंडातून घशात घातलेल्या एंडोस्कोपने, थेट बघता येतं: टाळूचं टोक घशात किती खाली लोंबतंय, स्वरयंत्राजवळच्या पिशव्या बाहेर उलटल्या आहेत का. त्यासाठी भूल द्यावी लागते, आणि बसक्या नाकाच्या कुत्र्याला खरा धोका भुलीतून बाहेर येताना असतो. म्हणून पगच्या बाबतीत मी दोनदा भूल देण्याच्या विरोधात आहे. आधी छातीची प्लेट काढावी, फुप्फुसं स्वच्छ आहेत याची खात्री करावी, आणि टाळूचं ऑपरेशन करायचं असेल त्याच भुलीत आधी घसा तपासावा. हे मालकाने आधीच विचारून ठरवून घ्यावं.

पॉमेरेनियनचं वेगळं. गळ्यातला पट्टा ओढला, की बदकासारखा कर्कश खोकला. इथे एक्स-रेपासून सुरुवात करणं योग्य, पण प्लेट दोन हव्यात. श्वासनळी ढिली पडली असेल, तर तिचा मानेतला भाग श्वास घेताना चपटा होतो, छातीतला सोडताना. एकाच प्लेटवर "नळी ठीक आहे" असं ऐकून घरी जाऊ नका. शंका उरली तर फ्लुओरोस्कोपी, म्हणजे हलता एक्स-रे, किंवा दुर्बीण.

म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरचं भुंकणं घोगरं झालं, उन्हात श्वास घेताना करवतीसारखा आवाज येऊ लागला, तर बहुधा स्वरयंत्राचा लकवा असतो. मानेच्या एक्स-रेवर तो दिसत नाही. कारण बिघाड हालचालीत आहे: श्वास घेताना स्वरयंत्राच्या कडा उघडायला हव्यात, त्या उघडत नाहीत. हे हलक्या गुंगीतच बघायचं असतं, गुंगी जास्त झाली तर निरोगी स्वरयंत्रही हलत नाही. छातीची प्लेट तरीही काढाच, कारण या कुत्र्यांच्या फुप्फुसात अन्नपाणी जाऊन न्यूमोनिया होतो.

सीटी स्कॅन मी नाकाच्या आतल्या भागासाठी राखून ठेवतो. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा शेंबूड येत राहिला, गाठीची शंका आली, तर एक्स-रेवर थांबण्यात अर्थ नाही.

आणि धाप लागलेल्या कुत्र्याला एक्स-रेच्या टेबलावर दाबून धरू देऊ नका. उताणं तर नाहीच. तो झगडतो, अंग तापतं, घसा आणखी सुजतो, आणि तिथेच जीव जाऊ शकतो. आधी ऑक्सिजन, गारवा, लागलं तर हलकं गुंगीचं इंजेक्शन. प्लेट तासाभराने काढली तरी चालते.

दवाखान्यात कुत्रा घाबरून वेगळाच श्वास घेतो. म्हणून येताना मोबाइलवर दोन व्हिडिओ आणा, एक झोपेतला, एक फिरून आल्यावरचा, आवाज चालू ठेवून.