कॉर्ट एडी८१०: कडक म्हणून बाजूला सारलेली गिटार

कोल्हापुरात पहिली गिटार घ्यायची म्हटलं की यामाहा एफ३१०चं नाव आधी निघतं. आमचाही सल्ला तोच असायचा. कॉर्ट एडी८१०बद्दल मत ठरलेलं, ‘तारा कडक, बोटं सोलतात.’ ते मत आता आम्ही मागे घेतोय. दोष सेटअपचा, म्हणजे मान आणि तारांची उंची जुळवण्याचा होता आणि बोल गिटारीला लावला.

एफ३१०चं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिमी, एडी८१०चं ६४३. तीच तार त्याच सुरात लावली तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे इथे जेमतेम ३ टक्के. एवढ्यानं बोटं सोलत नाहीत. सोलतात ती उंच तारांनी. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) जाडी तार ३ मिमीच्या वर असेल तर कुठल्याही ब्रँडवर एफ कॉर्ड धरताना मनगट भरून येतं.

आधी मान बघा. जाडी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा; सातव्याजवळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) पाव फेरा घट्ट, मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. एकदम पूर्ण फेरा कधीच देऊ नका. त्यानंतर सॅडल, म्हणजे पोटावरच्या लाकडी ब्रिजमधली, तारा टेकतात ती पट्टी. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी उतरवायचा तर सॅडल खालून १ मिमी घासावी लागते. पेन्सिलीनं रेघ मारा, काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा आणि सॅडल उभी धरून घासा. तळ जरा जरी तिरका झाला की एखादी तार मुकी वाजते, आणि मग लोक तारांना दोष देतात. जाडी तार २.३, बारीक तार १.८ मिमीवर आली की थांबा. नवशिक्यानं १२ ऐवजी ११चा, म्हणजे जरा बारीक तारांचा, सेट चढवावा.

अशी लावलेली एडी८१० स्ट्रमिंगला फार भारी वाजते. खर्ज भरदार, आणि गाणाऱ्याच्या आवाजाखाली नीट बसतो. एफ३१० एकेक सूर छेडताना जास्त स्वच्छ वाटते. लहान हातांना आजही तीच द्यावी. दोन्हींचा वरचा स्प्रूस (लाकूड) लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवलेला, आहे, त्यामुळे वयाबरोबर आवाज खुलण्याची आशा धरू नये, पण आपल्या हवेत तो सहसा तडकत नाही, हे मोठं सुख.

पावसाळ्यात मात्र लाकूड ओल धरतं, ब्रिजमागचा भाग फुगतो आणि तारा वर येतात. तेव्हा सॅडल घासू नका. नाहीतर एप्रिलच्या कोरड्या हवेत तारा खाली बसून खरखरायला लागतील. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखा. आणि रंकाळ्यावर फिरताना उन्हातल्या गाडीत गिटार सोडू नका, ब्रिजचा गोंद सुटतो.

दुकानात घेताना तारा सुरात लावायला सांगा आणि खिशातली स्टीलपट्टी बाराव्या फ्रेटवर लावून बघा.