स्लीव्ह की बायपास: खाण्यापिण्यात काय बदलतं?

स्लीव्ह आणि बायपास या वजन कमी करण्यासाठी जठरावर होणाऱ्या दोन शस्त्रक्रिया. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून भूकच मंदावते. माझ्या वहिनीचं पोट अर्ध्या वाटी मऊ वरणभातावर भरायचं, आणि तेवढं खायलाही वीस मिनिटं लागायची. मात्र छातीत जळजळीचा जुना त्रास असेल तर तो स्लीव्हने वाढू शकतो. अशांना बायपास बरी.

बायपासमध्ये जठराची इवलीशी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडतात. तिथे अनेकांना गोड सोसत नाही. दोन गुलाबजाम खाल्ले की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हनंतरही होतं, पण कमी.

दारूबद्दल मात्र कळकळीने सांगते. बायपासनंतर ती झपाट्याने रक्तात उतरते, थोडीशीही खूप चढते, आणि पूर्वी क्वचित घेणाऱ्या काहींनाही पुढे व्यसन लागतं. स्लीव्हवाल्यांनीही स्वतःला सुरक्षित समजू नये.

पाणी दोन्हींत सारखंच: जेवताना नाही, जेवल्यावर अर्ध्या तासाने, घोट घोट. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. बायपासवाल्यांनी तर बी-12 चुकवूच नये.